दुसरी फेरी

गळ्यातलं कार्ड त्या काळ्या डबीला लावायचं, 'टुक' आवाज येतो, हिरवा दिवा लागतो, दार सुटतं. सकाळी एकदा, चहाला जाताना, चहाहून येताना, जेवायला, फोन आला की बाहेर... दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी होत असेल. आपल्या आयटीवाल्यांचा हा नवा नमस्कारच म्हणा ना :-)

या सगळ्याला 'अॅक्सेस कंट्रोल अँड मॉनिटरिंग' असं भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत प्रश्न दोनच. आत कोणाला सोडायचं? आणि सोडलं किंवा नाही सोडलं, तरी त्यानंतर लक्ष कोण ठेवणार? पहिल्या प्रश्नावर गेल्या दीडशे वर्षांत जगाने अफाट डोकं आणि पैसा खर्च केला. दुसऱ्याकडे मात्र सतत दुर्लक्ष झालं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. रायगडाची हिरकणीची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. सूर्यास्ताला दरवाजे बंद, नियम म्हणजे नियम, आणि घरी तान्हं बाळ आहे म्हणून ही गवळण रात्रीच्या अंधारात कडा उतरून जाते. दंतकथाच ती, पण तिचा शेवट मला फार आवडतो. महाराज तिला शिक्षा करत नाहीत, तिचा सन्मान करतात आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पेनिट्रेशन टेस्ट फुकटात झाली, रिपोर्ट आला, आणि पॅचही पडला. रिपोर्ट आणणाऱ्याला कोणी झापलं नाही, हे विशेष!

पण आज गडकोटांबद्दल लिहायचं नाहीये. आज कारखाने, ऑफिसं आणि तिजोऱ्या. म्हणजे जिथे माल दुसऱ्याचा, इमारत तिसऱ्याची आणि रात्री जागणारा माणूस चौथाच, अशा जागा.

वॉचमनवर वॉचमन

औद्योगिक क्रांतीनंतर मोठमोठे कारखाने आणि गोदामं उभी राहिली. रात्री आग लागली तर काय, चोर आला तर काय? म्हणून पहारेकरी ठेवले. लगेच पुढचा प्रश्न आला की हा पहारेकरी खरंच फिरतो, की शेकोटीशेजारी घोरत पडतो? १८५५ साली जर्मनीतल्या श्वेनिंगेन गावच्या योहानेस ब्यूर्क या माणसाने यावर एक भन्नाट उपाय काढला. पहारेकऱ्याच्या खांद्याला अडकवायचं घड्याळ. कारखान्यात ठिकठिकाणी भिंतीला साखळीने एकेक किल्ली बांधलेली असायची. पहारेकऱ्याने तिथे जायचं, ती किल्ली घड्याळात घालून फिरवायची, की आतल्या कागदावर त्या किल्लीची खूण उमटायची. प्रत्येक किल्लीची खूण वेगळी. सकाळी साहेब घड्याळ उघडून कागद बघणार: दोन वाजता बॉयलरपाशी होता, अडीचला गोदामापाशी, तीनला... तीनला कुठे होतास रे?

हे घड्याळ शंभरेक वर्षं जगभर चाललं. आजही मोठ्या सोसायट्यांमध्ये आणि टेक पार्कमध्ये गार्डच्या हातात एक दांडकं दिसतं, ते तो भिंतीवरच्या बटणाला टेकवत फिरतो. ती ब्यूर्कच्या घड्याळाची पणती.

यंत्र हुशार आहे यात वाद नाही. पण नीट बघा, हे यंत्र लक्ष कोणावर ठेवतं? चोरावर नाही, आगीवरही नाही. ते पहारेकऱ्यावर लक्ष ठेवतं. माणूस बॉयलरपाशी गेला होता एवढं ते सिद्ध करतं. तिथे जाऊन त्याने काही पाहिलं का, हे त्याला विचारताच येत नाही. पुढच्या दीडशे वर्षांच्या गोंधळाचं बी मला या घड्याळात दिसतं. आपण जे मोजता येतं ते मोजत गेलो, आणि ज्यासाठी मोजत होतो ते बाजूला राहिलं.

पंचवीस डॉलरचं कुलूप

२५ मार्च १९११, शनिवार. न्यूयॉर्कमधल्या दहामजली ॲश बिल्डिंगचे वरचे तीन मजले ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीकडे होते. बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना, कामगार बहुतेक तरुण मुली. इटलीहून आणि पूर्व युरोपातून आलेल्या, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. सुटीच्या वेळेला आठव्या मजल्यावर आग लागली आणि बघता बघता वर चढली.

नवव्या मजल्यावर बाहेर पडायला दोन बाजूंना जिने होते. त्यातल्या एकाचं, वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचं दार कुलूपबंद होतं. का? कारण सुटताना सगळ्या मुलींनी एकाच दाराने बाहेर पडावं आणि तिथे त्यांच्या पर्स उघडून तपासता याव्यात. एखादा ब्लाउज किंवा कापडाचा तुकडा कोणी घेऊन जाऊ नये म्हणून. म्हणजे आजच्या भाषेत शुद्ध अॅक्सेस कंट्रोल: सिंगल पॉइंट ऑफ एक्झिट, हंड्रेड पर्सेंट चेकिंग. ऑडिटवाल्याने शाबासकी दिली असती.

दुसरा जिना आगीत सापडला. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. कितीतरी मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. एकूण १४६ माणसं गेली.

मालक होते मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस. खटला चालला. उलटतपासणीत हॅरिसला विचारलं गेलं की तुमच्याकडे वर्षाला चोरी व्हायची तरी किती? खणत खणत उत्तर आलं: पंचवीस डॉलरच्या वर नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो होतो.

दोघेही मालक निर्दोष सुटले, कारण त्या क्षणी दाराला कुलूप होतं हे त्यांना माहीत होतं, असं ज्युरीच्या मते सिद्ध झालं नाही. पुढे १९१३ मध्ये ब्लँक दुसऱ्या कारखान्यात पुन्हा कामाच्या वेळी दाराला कुलूप लावताना पकडला गेला. दंड किती झाला? वीस डॉलर.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे उपाय तेव्हा बाजारात उपलब्ध होता. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरच्या आगीत सहाशेहून जास्त माणसं गेली होती, तीही बऱ्याच अंशी न उघडणाऱ्या दारांमुळे. त्यानंतर कार्ल प्रिंझलर नावाच्या हार्डवेअरच्या व्यापाऱ्याने खटपट करून दाराचा आडवा दांडा बनवून घेतला आणि १९०८ पासून तो विकायला लागला. बाहेरून कुलूप, आतून मात्र अंगाने नुसता धक्का दिला की दार उघडं. मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा संपल्यावर आपण ज्या दांड्याला ढकलून बाहेर पडतो ना, तोच. सुरक्षा आणि सुटका यांत भांडण नाही, हे त्या दांड्याने ट्रँगलच्या आधी तीन वर्षं दाखवून दिलं होतं.

आणि ही 'तेव्हाची' गोष्ट असं म्हणायची सोय नाही. २४ नोव्हेंबर २०१२ ला ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्स या कारखान्यात आग लागली. भोंगा वाजला होता. पण काही नाही झालेलं, कामाला लागा, असं म्हणून वरच्यांनी कामगारांना परत मशीनवर बसवलं, आणि बाहेरचे दरवाजे कुलूपबंद होते. किमान ११२ माणसं गेली. शंभर वर्षांनी, तोच धंदा, तेच कुलूप.

आपल्या ऑफिसातही हा प्रश्न आहे, फक्त तो दाराच्या वरच्या पट्टीत लपलेला असतो. काचेच्या दारावर जे चुंबकाचं कुलूप असतं, ते वीज आहे तोवर दार धरून ठेवतं, वीज गेली की सोडून देतं. दुसरी काही कुलपं उलटी असतात, वीज गेली की बंदच राहतात. आपण कोड लिहिताना 'फेल ओपन की फेल क्लोज' यावर तासभर वाद घालतो. दाराच्या बाबतीत हा वाद घालायलाच नको. आतून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी दार नेहमी उघडंच पडलं पाहिजे. कार्ड, बोट, पासवर्ड, परवानगी, काहीही न मागता.

चिकटपट्टी

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. राजकारण म्हणून वॉटरगेट सगळ्यांना माहीत असतं. पण मुळात वॉटरगेट हे एका व्यापारी संकुलाचं नाव. हॉटेल, फ्लॅट आणि ऑफिसं. त्यातल्या ऑफिसच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्यालय भाड्याने होतं. आणि त्या इमारतीला रात्रपाळीचा एक गार्ड होता, फ्रँक विल्स. वय २४, एका खाजगी सिक्युरिटी एजन्सीचा माणूस, पगार आठवड्याला ८० डॉलर.

१७ जून १९७२ ची रात्र. मध्यरात्री ड्यूटीवर आल्यावर विल्स पहिल्या फेरीला निघाला. तळघरातल्या पार्किंगमधून जिन्याकडे जाणाऱ्या दाराच्या कडेला त्याला चिकटपट्टी दिसली. कुलपाची जीभ दाबून वर पट्टी लावलेली, म्हणजे दार लागतं पण कुलूप बसत नाही. असं साफसफाईवाले किंवा मेंटेनन्सची माणसंही करायची, सारखं किल्लीने उघडायला नको म्हणून. (आपल्याकडे याच कामासाठी पुठ्ठ्याचा तुकडा किंवा अग्निशामक सिलिंडर वापरतात!) विल्सने पट्टी काढून टाकली आणि पुढे गेला.

इथपर्यंत त्याने जे केलं ते कोणीही केलं असतं. ब्यूर्कच्या घड्याळाच्या कागदावर या फेरीला पैकीच्या पैकी मार्क.

काही वेळाने तो पुन्हा त्याच दारापाशी आला. आणि पट्टी परत लावलेली होती.

बस्स. सगळा इतिहास या दुसऱ्या फेरीत आहे. एक पट्टी म्हणजे कोणाचा तरी आळस. काढल्यानंतर परत लागलेली पट्टी म्हणजे आत्ता, या क्षणी, इमारतीत असा कोणीतरी आहे ज्याला हे दार उघडं हवंय. विल्सने वर जाऊन फोन उचलला आणि पोलिसांना बोलावलं. सहाव्या मजल्यावर पाचजण सापडले. मग धागा ओढत ओढत तो व्हाइट हाउसपर्यंत गेला आणि ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांनी अध्यक्षपद सोडलं.

आणखी दोन बारकावे, इंजिनियर मंडळींसाठी. एक, हीच टोळी मे महिन्याच्या शेवटी त्याच ऑफिसात एकदा घुसून फोनमध्ये यंत्रं बसवून गेली होती, आणि कोणाला पत्ता नव्हता. म्हणजे इमारत तीच, कुलपं तीच, नियम तेच. दोन, चोरांनीही आपला एक पहारेकरी समोरच्या मोटेलमध्ये बसवला होता. पण त्या रात्री आलेले पोलीस साध्या कपड्यांत, साध्या गाडीतून आले. वर्दी शोधणाऱ्या नजरेला धोक्याची खूण वेळेवर पटलीच नाही. ठरावीक नमुना शोधत बसणारं मॉनिटरिंग कसं फसतं, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

विल्सचं पुढे काय झालं? 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' या १९७६ च्या सिनेमात त्याने स्वतःचीच छोटी भूमिका केली. बाकी प्रसिद्धी बाकीच्यांना मिळाली. ती नोकरी सुटली, नंतर स्थिर काम मिळालंच नाही. आजारी आईला सांभाळायला तो दक्षिणेत गावी परतला. आई गेली तेव्हा दफनाचा खर्च परवडेना, म्हणून देह वैद्यकीय संशोधनासाठी दिला. सप्टेंबर २००० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी तो वारला. त्या रात्रीचं त्याच्या नोंदीचं पान मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेलं आहे.

पानाची किंमत कळली, लिहिणाऱ्याची नाही. असो.

मग कार्डं आली

माणूस झोपतो, कंटाळतो, ओळखीच्याला सोडतो. म्हणून दारावरचा निर्णय यंत्राकडे द्यायचा, हा विचार तसा बरोबरच होता. आणि काही ठिकाणी माणसाला बाजूला काढणं त्याच्याच भल्याचं असतं. १८७० च्या दशकात अमेरिकेत दरोडेखोर रात्री बँकेच्या कॅशियरच्या घरी जाऊन बायकामुलांवर बंदूक रोखायचे आणि त्याला तिजोरी उघडायला लावायचे. जेम्स सार्जंटने टाइम लॉक काढलं. ठरलेली वेळ होईपर्यंत तिजोरी कोणालाच उघडता येत नाही, कॅशियरलाही नाही. तिजोरी उघडायची ताकदच काढून घेतल्यावर त्याला घरी जाऊन धमकावण्यात अर्थ उरला नाही. माणसाचा अधिकार कमी करून माणूस वाचवला!

आपल्या गळ्यातल्या कार्डांची कहाणी मात्र थोडी फजितीची आहे. कार्ड वाचणाऱ्या डबीपासून आतल्या कंट्रोलरपर्यंत माहिती नेण्याची वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत म्हणजे 'वीगँड'. तिचा सगळ्यात प्रचलित नमुना २६ बिटांचा. त्यात ८ बिट जागेचा कोड, १६ बिट कार्डाचा नंबर आणि २ बिट पॅरिटीचे. झालं! ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ नंबर. भिंतीतली वायर ज्याच्या हाती लागली त्याला सगळे नंबर उघड्यावर वाचता येतात. कोणी ज्युनियरने असं प्रोटोकॉल डिझाइन रिव्ह्यूला आणलं तर आपण त्याला कच्चा खाऊ.

बरं, कार्ड तरी पक्कं असेल? 'मायफेअर क्लासिक' नावाची कार्डं जगभर ऑफिसांत आणि बस-मेट्रोत कोट्यवधींनी वापरली गेली. त्यातलं एन्क्रिप्शन कंपनीने गुप्त ठेवलं होतं, किल्ली ४८ बिटांची. २००७-०८ मध्ये संशोधकांनी ते उलगडलं. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या लोकांनी कार्डाची नक्कल करून दाखवली. बनवणारी एनएक्सपी कंपनी निबंध छापू नये म्हणून कोर्टात गेली, आणि जुलै २००८ मध्ये डच कोर्टाने संशोधकांच्या बाजूने निकाल दिला. दोष दाखवणाऱ्यात नाही, वस्तूत आहे, असा त्याचा मथितार्थ. (हिरकणी आठवली की नाही?)

पण गंमत अशी की कार्डाची नक्कल करायचे कष्ट घेतो कोण? दाराशी दोन्ही हातांत कॉफीचे कप घेऊन उभं राहा. पुढचा माणूस दार धरून ठेवतो. सभ्यता म्हणून. याला टेलगेटिंग म्हणतात आणि याच्यावर कुठलाही अल्गोरिदम नाही. अनोळखी माणसाला "आपण कोणाकडे?" असं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. आणि गार्डला त्याहून जास्त वाटतो, कारण उलट उत्तर आलं तर नोकरी त्याची जाणार असते.

मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे रात्री निघताना गेटवरचे मामा प्रत्येकाच्या लॅपटॉपचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचे. नंबर बारीक, चष्मा जुना, रांग मोठी. एकदा रांग नव्हती तेव्हा विचारलं, "मामा, हे रजिस्टर वाचतं कोण हो?"

"वाचत नाही साहेब कोणी. ऑडिट आलं की पानं पूर्ण आहेत का तेवढं बघतात."

"आणि एखादा नंबर चुकीचा असला तर?"

"तर काय... पान पूर्ण आहे ना!"

ब्यूर्कचं घड्याळ हिंजवडीला पोचलं होतं.

जेव्हा दुसरी फेरी झालीच नाही

आता वॉटरगेटच्या शेजारी ठेवण्यासारखी लंडनची गोष्ट. हॅटन गार्डन ही तिथली हिऱ्यामोत्यांची पेठ. आपल्या झवेरी बाजारासारखी म्हणा. तिथे एका इमारतीच्या तळघरात भाड्याच्या लॉकर्सची तिजोरी होती. २०१५ च्या ईस्टरच्या सुटीत, २ एप्रिलला गुरुवारी रात्री काही म्हातारे चोर (हो, म्हातारेच! सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ ७६ वर्षांचे) आत शिरले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकवून ठेवली, लिफ्टच्या खोबणीतून तळघरात उतरले आणि मोठ्या ड्रिलने अर्धा मीटर जाडीची काँक्रीटची भिंत पाडायला लागले.

यंत्रणा नापास झाली का? मुळीच नाही. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात अलार्म वाजला. मॉनिटरिंग कंपनीला कळलं. त्यांनी पोलिसांना कळवलं. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात त्या कॉलला असा दर्जा दिला गेला की कोणी जायची गरज नाही. इमारतीचा गार्ड येऊन गेला. त्याने बाहेरून डोकावून पाहिलं, दारं जागेवर दिसली, आत गेला नाही. मालकांच्या घरचा एकजण गाडीतून निघालाच होता. खोटा अलार्म आहे असं कळल्यावर तो अर्ध्या वाटेतून परत फिरला.

प्रत्येकाने आपापलं काम केलं. प्रत्येकाच्या रजिस्टरचं पान पूर्ण होतं.

आणि आता कळस. त्या रात्री चोरांना लॉकर मिळालेच नाहीत! भिंतीला भोक पडलं, पण पलीकडे लॉकरचं कपाट पक्कं बसवलेलं होतं आणि ते ढकलायचं यंत्र मोडलं. चोर हात हलवत परत गेले. नवीन यंत्र विकत घेतलं आणि शनिवारी रात्री पुन्हा आले. भोक तसंच होतं. मधल्या काळात कोणी आत पाऊलच टाकलं नव्हतं. मग ७३ लॉकर फुटले, सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांचा माल गेला, आणि चोरी उघडकीला आली ती मंगळवारी, सुटी संपल्यावर.

वॉटरगेटला चोरांनी पट्टी दुसऱ्यांदा लावली तेव्हा पहारेकरीही दुसऱ्यांदा आला होता. हॅटन गार्डनला दुसऱ्यांदा फक्त चोर आले. दोन्हींमध्ये ४३ वर्षांचं तंत्रज्ञान आहे, आणि ते सगळं चोरांच्या विरुद्ध बाजूला होतं. तरीही.

इथे गार्डला नावं ठेवणं सोपं आहे. पण विचार करा. रात्री एक वाजता, एकट्याने, अंधाऱ्या तळघरात कशासाठी उतरायचं? आत चोर असतील तर जीव धोक्यात, नसतील तर फुकटचा हेलपाटा. अलार्म बहुतेक वेळा खोटेच असतात, हे त्यालाही माहीत आणि पोलिसांनाही. रात्री तीन वाजता पेजर वाजला की 'परत तोच डिस्क स्पेसचा अलर्ट असेल' म्हणून कूस बदलणारा आपल्यातला ऑन-कॉल इंजिनियर याहून वेगळा असतो का हो?

आपल्याकडे

महाराष्ट्राने या माणसाचा विचार तसा लवकर केला होता. १९८१ मध्येच खाजगी सुरक्षा रक्षकांची नोकरी आणि कल्याण यासाठी राज्याने कायदा केला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आली. देशपातळीवर एजन्सींना परवाना लावणारा कायदा २००५ चा. त्याच्या केंद्रीय नमुना नियमांत गार्डसाठी १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष.

मग २६ नोव्हेंबर २००८ आलं. ताज, ट्रायडंट-ओबेरॉय ही शेवटी व्यापारी मालमत्ताच होती. त्यानंतर मॉलच्या दारात चौकटी आल्या, गाडीखाली आरसा फिरायला लागला. २००९ मध्ये कायद्यात बदल होऊन सीआयएसएफला खाजगी आस्थापनांचंही संरक्षण करता यायला लागलं आणि मोठ्या आयटी कॅम्पसच्या गेटवर जवान दिसायला लागले. बाकी ठिकाणी काय होतं ते तुम्ही रोज बघता. चौकट पीं-पीं करत असते, मंडळी जात असतात, आणि गार्ड हाताने 'चला चला' करत असतो. गाडीची डिकी उघडतो, बॅगांच्या ढिगाकडे एक नजर टाकतो, बंद करतो. फेरी झाली. कागदावर खूण उमटली.

तर मग सुधारायचं काय?

तुमच्यातले बरेच जण पुढेमागे ऑफिस निवडाल, स्टार्टअप काढाल, सोसायटीच्या कमिटीवर बसाल. तेव्हा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी माझ्या मते हे विचारा.

पहिलं, हे कुलूप नक्की कोणापासून आणि कशासाठी? त्या 'कशासाठी'ची किंमत रुपयांत मांडा. पंचवीस डॉलरच्या मालासाठी माणसं कोंडू नका. आतून प्रत्येक दार विनापरवानगी उघडलं पाहिजे, आणि हे वर्षातून दोनदा खरोखर वीज घालवून बघा.

दुसरं, अलार्म वाजला की नावानिशी कोण जाणार? त्याच्याकडे आतल्या दाराची किल्ली आहे का? सोबत कोण? 'बाहेरून ठीक दिसलं' हे उत्तर चालणार नाही, हे त्याला आधी सांगितलंय का? आणि जो अलार्म रोज खोटा वाजतो तो दुरुस्त करणं, हे नवा कॅमेरा बसवण्याच्या आधीचं काम आहे.

तिसरं, नोंदी वाचतं कोण? आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, एवढं पुरतं. नोकरी सोडलेल्याचं कार्ड अजून चालतंय का, रात्री तीनला कोणाचं कार्ड लागलं, कुठलं दार तासन् तास उघडं राहिलं. कोणी वाचणार नसेल तर ते रजिस्टर बंद करा आणि त्या मामांना डोळे वर करून माणसांकडे बघू द्या.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गार्डला विचारायचा अधिकार आहे का? कार्ड न लावता घुसणाऱ्या डायरेक्टरला त्याने अडवलं तर दुसऱ्या दिवशी त्याला शाबासकी मिळते की बदली, यावरून तुमच्या इमारतीची सुरक्षा कळते. बाकी सगळं हार्डवेअर. बारा-बारा तास उभं ठेवलेल्या, महिन्याला एजन्सी बदलणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या माणसाकडून आपण फ्रँक विल्सची अपेक्षा ठेवतो, ही आपली चैन आहे.

कुलूप पहिल्या फेरीचं काम करतं. 'नेहमीचंच असेल' म्हणून सोडून दिलेली गोष्ट परत दिसली की थांबणं, हे काम अजून तरी माणूसच करतो. ते करायला त्याला वेळ, पगार आणि पाठीशी कोणीतरी लागतं. तिन्ही गोष्टी कुठल्याही कॅमेऱ्याच्या ब्रोशरमध्ये नसतात, त्या बजेटमध्ये वेगळ्या घालाव्या लागतात.

बाकी, चुंबकी कुलपं आतून कशी असतात यावर पुन्हा कधीतरी. पुढच्या शनिवारी जमेल असं दिसतंय.